मधल्या खुर्चीवरून

गेल्या महिन्यात माझ्यामुळे एक डिलिव्हरी तीन आठवडे लटकली. म्हणजे मॅनेजरच्या मते माझ्यामुळे. माझ्या मते कुणामुळेच नाही, पण मिनिट्स ऑफ मीटिंगमध्ये "कुणामुळेच नाही" असा कॉलम नसतो ना.

झालं असं की जपानी क्लायंटबरोबर कॉल होता आणि मी नेहमीसारखी मध्ये. माझं काम तसं टेस्टिंगचं, पण कधीतरी हौसेनं जपानी शिकले होते आणि ते ऑफिसात कुणाला तरी कळलं, तेव्हापासून मी फुकटातली दुभाषी झालेय. आमच्या बाजूनं एक बदल सुचवला गेला. पलीकडचे साहेब जरा थांबले, दातांच्या फटीतून हवा आत ओढली, आणि म्हणाले, "केंतो शिमास." डिक्शनरी म्हणते विचार करतो, तपासून बघतो. मी तसंच्या तसं सांगितलं, की ते विचार करतायत. आमच्याकडे सगळे खूश, "क्लायंट पॉझिटिव्ह आहे" असं लिहूनही झालं, आणि दोन पोरांनी त्या बदलावर कोडिंगही सुरू केलं.

जपान्यांबरोबर जरा जरी काम केलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की अशा वेळी केंतो शिमास म्हणजे बहुतेक वेळा नाही. सभ्यपणे, तोंडावर न मारलेलं नाही. आणि गंमत म्हणजे आपल्याला हे कळायला काहीच हरकत नव्हती, कारण आपण तरी दुसरं काय करतो, "बघू" म्हटलं की समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं असतं. मी त्या दिवशी "विचार करतायत" च्या ऐवजी "बघू म्हणतायत" एवढं बोलले असते ना, तर कुणी कीबोर्डला हातही लावला नसता. शब्द बरोबर होता हो, दोन्हीकडचा बरोबर होता. तो ओढलेला श्वास तेवढा माझ्याकडून अनुवाद करायचा राहिला.

तेव्हापासून मला एक चाळाच लागलाय, इतिहासातले दुभाषे शोधून वाचायचा. कारण "दोन संस्कृतींचा संगम", "दोन संस्कृतींचा संघर्ष" असं काही वाचलं की मला आता प्रश्न पडतो की अरे पण मध्ये कोण होतं? संस्कृती काय नदी आहे का, उताराला लागली आणि जाऊन मिळाली? दोन माणसं समोरासमोर उभी असतात, एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळत नसतं, आणि एक तिसरा माणूस तिथे घामाघूम झालेला असतो. बाकी सगळं त्याच्या तोंडून जातं. त्याला जेवढं कळलं तेवढं, त्याला जेवढं सांगावंसं वाटलं तेवढं.

सगळ्यात जास्त मी अडकले ते न्यूझीलंडच्या वायतांगी तहापाशी. १८४० चा फेब्रुवारी. इंग्रजांच्या वतीनं विल्यम हॉब्सन आलेला, तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या सरदारांशी करार करायचाय, इंग्रजी मसुदा तयार. तो ४ फेब्रुवारीला हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याच्या हातात दिला की उद्या सकाळपर्यंत याचं माओरी करा. एका रात्रीत! त्यानं आणि त्याच्या मुलानं, एडवर्डनं, बसून ते केलं. ५ तारखेला सरदारांपुढे वाचून दाखवलं, चर्चा झाली, ६ ला सह्या सुरू. (एका रात्रीत आख्खं डॉक्युमेंट करून द्या म्हणणारी माणसं तेव्हाही होती हे वाचून मला फार बरं वाटलं.)

आता इंग्रजीत पहिल्याच कलमात लिहिलंय की सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देतायत. माओरीत विल्यम्सनं शब्द वापरला "कावानातांगा". हा शब्द मुळात माओरी नाहीच, इंग्रजी गव्हर्नर या शब्दाचं माओरी तोंडात झालेलं "कावाना", आणि त्याला जोडलेला प्रत्यय. म्हणजे गव्हर्नरपणा. माओरी लोकांनी कावाना हा शब्द ऐकलेला मिशनऱ्यांच्या बायबलातून, तिथे येशूच्या गोष्टीतला तो पाँटियस पायलट कावाना आहे. तर हे सरदार काय समजले असतील? की एक कावाना येईल, इकडे जे गोरे खलाशी आणि व्यापारी धुडगूस घालतात त्यांना आवरेल. बरं आहे की.

आणि दुसऱ्या कलमात सरदारांना काय राहील, तर माओरीत "तिनो रांगातिरातांगा". इंग्रजीत तिथे जमीन, जंगलं, मासेमारीच्या जागा वगैरेंचा ताबा असं आहे. पण रांगातिरा म्हणजे सरदार, आणि रांगातिरातांगा म्हणजे सरदारकी, पूर्ण, खरीखुरी. आणि हे जे मी वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले, की पाचच वर्षं आधी, १८३५ मध्ये, उत्तरेकडच्या सरदारांनी एक स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला होता, त्याचाही माओरी मजकूर याच विल्यम्सनं केला होता, आणि त्यात "स्वातंत्र्य" याला शब्द वापरला होता रांगातिरातांगा! म्हणजे माओरी कागद वाचणाऱ्याला पहिल्या कलमात गव्हर्नर येणार एवढं कळतंय आणि दुसऱ्यात तुमचं स्वातंत्र्य तुमच्याचकडे. पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या केल्या, त्यातल्या जेमतेम ३९ जणांच्या इंग्रजी कागदावर, बाकी सगळ्यांच्या माओरीवर.

विल्यम्सला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. सोळा-सतरा वर्षं तो तिथे राहिला होता. त्याला तह व्हायला हवा होता, सरळ शब्द टाकला असता तर सरदार उठून गेले असते, आणि कदाचित त्याला मनापासून वाटतही असेल की यात माओरींचं भलं आहे. आता यावर इतिहासकार अजून भांडतात, मी कोण सांगणार. पण मधल्या खुर्चीवर बसलं की मोह होतो एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगू शकते. मिटिंग मोडू नये म्हणून एखादा टोकदार शब्द आपण गोल करून पुढे सरकवतो. मी केलंय. दोन्ही बाजू हसत कॉल बंद करतात आणि आपल्याला वाटतं चला, जमवलं.

पुढे काय झालं? होने हेके म्हणून जो सरदार, त्यानं सगळ्यात आधी सही केली होती असं सांगतात, त्यानंच चार-पाच वर्षांत इंग्रजांच्या झेंड्याची काठी एकदा नाही चार वेळा तोडली. लढाया झाल्या, जमिनी गेल्या. १९७५ मध्ये या तहाबद्दलच्या तक्रारी ऐकायला वायतांगी ट्रिब्यूनल बसलं, आणि तिथे दोन्ही भाषांतले दोन्ही मजकूर समोर ठेवून आजही वाद चालतात. २०१४ मध्ये ट्रिब्यूनलनं उत्तरेकडच्या सरदारांबद्दल निष्कर्ष काढला की १८४० मध्ये त्यांनी आपलं सार्वभौमत्व देऊन टाकलेलं नव्हतं. एका रात्रीच्या अनुवादावर पावणेदोनशे वर्षं! आमच्या मॅनेजरला हे सांगायला पाहिजे, त्याचे तीन आठवडे काय घेऊन बसलात.

तिकडचाच अजून एक माणूस, त्याच्या आधीचा, तुपाइया. ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा, पुजारी आणि दर्यावर्दी. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं एंडेव्हर जहाज ताहितीला आलं तेव्हा हा त्यावर चढला. कुकसाठी त्यानं ७४ बेटांचा नकाशा काढायला मदत केली. त्यातली बेटं अशी का मांडलीत यावर लोक अजून डोकं खाजवतात, कारण कागदावर वर म्हणजे उत्तर ही युरोपची सवय, त्याच्या डोक्यातला समुद्र कशावरून त्या सवयीनं मांडलेला असेल. ऑक्टोबरात जहाज न्यूझीलंडला पोचलं, पहिल्या गाठीलाच गोळीबार होऊन माओरी माणूस मेला. आणि दुसऱ्या दिवशी तुपाइयानं आपल्या भाषेत हाक मारली तर किनाऱ्यावरच्यांना ती कळली! हजारो मैल लांबची माणसं, पण भाषा बहिणी-बहिणी. त्यानंतरही माणसं मेलीच, भाषा कळली म्हणून बंदुका लगेच खाली गेल्या असं झालं नाही. पण बोलणं तरी सुरू झालं.

त्यानं काढलेली काही चित्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अनेक वर्षं ती कुणा अनाम चित्रकाराची म्हणून पडून होती, १९९७ मध्ये कुकच्या जहाजावरच्या जोसेफ बँक्स या निसर्ग-अभ्यासकाच्या एका पत्रावरून कळलं की ही तुपाइयाची. त्यातलं एक मला फार आवडतं. डावीकडे माओरी माणूस, अंगावर झगा, हातात भलामोठा लॉब्स्टर. उजवीकडे कोट-टोपीतला इंग्रज, हातात कापडाचा तुकडा. देवाणघेवाण चाललीय. नीट बघा, दोघांनीही आपापली वस्तू अजून घट्ट धरलीय. तू आधी सोड, मग मी सोडतो. अडीचशे वर्षांपूर्वीचं चित्र आणि आमच्या प्रत्येक काँट्रॅक्टच्या मिटिंगचा फोटो, काही म्हणजे काही फरक नाही. आणि ज्याच्यामुळे हे दोघं एकमेकांसमोर उभे राहू शकले तो चित्रात नाहीच, तो ब्रश धरून बसलाय.

१७७० च्या शेवटी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो आजारानं गेला. कुक काही वर्षांनी परत न्यूझीलंडला गेला तर तिथले लोक विचारत होते, तुपाइया कुठाय. जहाज कुणाचं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांच्या लेखी ते तुपाइयाचं जहाज.

असंच काहीसं मेक्सिकोत मालिंत्सिनचं झालं, फक्त तिच्या वाट्याला शिव्या आल्या. १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेल्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीला वीस बायका नजराणा म्हणून देण्यात आल्या, त्यातली ही एक. हिला नावात्ल, म्हणजे तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा, आणि माया अशा दोन्ही भाषा यायच्या. कोर्तेसकडे अगिलार नावाचा एक स्पॅनिश माणूस होता, जो जहाज फुटून बरीच वर्षं माया लोकांत अडकला होता. म्हणजे कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोलणार, अगिलार ते मायात करणार, ही मायातून नावात्लमध्ये, आणि उत्तर परत त्याच वाटेनं. मग ती स्पॅनिश शिकली आणि अगिलारची गरजच संपली. अ‍ॅझ्टेक लोक तर म्हणे कोर्तेसलाच "मालिंचे" म्हणायचे, कारण बोलताना आवाज यायचा तो तिचा. आज मेक्सिकोत कुणी परक्या गोष्टींच्या फार मागे लागला तर त्याला "मालिंचिस्ता" म्हणून हिणवतात. जिला वस्तूसारखं देऊन टाकलं तिनं कुणाशी इमान राखायचं होतं हे मात्र हिणवणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही. मला याचा राग येतो, असो.

सगळंच काही रडगाणं नाहीये पण. चुकांतून मजाही झालीय. शाळेत वर्तुळाची जीवा शिकलात ना, दोन बिंदू जोडणारी रेघ. जुन्या भारतीय गणितात ज्या, जीवा. ती अरबीत गेली, अरबांनी उच्चारावरून "जिबा" लिहिलं, पण अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे नंतरच्या वाचणाऱ्यांनी ते "जैब" वाचलं, म्हणजे कपड्याची घडी, कुशी, खिसा. हो, हिंदीतली जेब तीच. १२ व्या शतकात लॅटिनमध्ये अनुवाद करणाऱ्यानं प्रामाणिकपणे जैबचा अर्थ शोधला आणि लिहिलं "सायनस", घडी, खळगा. त्याचं पुढे झालं साइन. म्हणजे साइन थीटा म्हणताना आपण आपलीच जीवा, अरबी खिशात घातलेली, लॅटिन खळग्यातून काढलेली परत घेतोय, आणि वर ती अवघड वाटते म्हणून रडतोय. चुकीच्या शब्दावर बांधलेलं गणित मात्र एकदम करेक्ट चालतं.

आणि जपान. जपानवर माझा जीव आहे त्यामुळे इथे जरा पाल्हाळ लावणार. १६४१ पासून दोनशेहून जास्त वर्षं युरोपातल्यांपैकी फक्त डच लोकांना तिथे व्यापार करायची परवानगी होती, तीही नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या कृत्रिम बेटावर, पंख्याच्या आकाराचं, चालत काही मिनिटांत संपेल एवढं. दुभाष्यांची कामं काही ठराविक घराण्यांत, बापाकडून मुलाकडे. एका छोट्या फटीतून आख्खं युरोप आत यायचं.

१७७१ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेन्पाकु नावाच्या वैद्याला एका प्रेताचं विच्छेदन बघायला मिळालं. त्याच्याकडे एक डच शरीरशास्त्राचं पुस्तक होतं, जे मुळात जर्मनचा डच अनुवाद. तिथे माएनो र्‍योताकु भेटला, त्यानं पण आणलं होतं नेमकं तेच पुस्तक! दोघांनी चित्रं आणि समोरचं शरीर ताडून पाहिलं, तंतोतंत. ते शिकले होते त्या चिनी परंपरेतल्या आकृत्या जुळत नव्हत्या. परतीच्या वाटेवरच ठरवलं, हे पुस्तक जपानीत आणायचं. अडचण एकच, सुगिताला डच मुळाक्षरंही येत नव्हती, माएनोला थोडेफार शब्द यायचे, आणि धड डिक्शनरी नव्हती. मला हे वाचून इतकं प्रेम वाटलं त्यांच्याबद्दल.

म्हातारपणी, १८१५ च्या सुमाराला, सुगितानं आठवणी लिहिल्या त्यात एक किस्सा आहे. नाकाबद्दलच्या वाक्यात एक शब्द अडला, "फुरुहेह्हेंदो" असा काहीतरी त्यांच्या कानाला. कुठल्याशा टिपणात त्या शब्दाचा वापर सापडला, की झाडाची फांदी तोडली की त्या जागी फुरुहेह्हेंदो होतं, आणि अंगण झाडलं की कचऱ्याचं फुरुहेह्हेंदो होतं. बसले डोकं धरून. मग उलगडलं, की फांदी तोडलेल्या जागी गाठ वर येते, कचरा झाडून गोळा केला की ढीग वर येतो, आणि नाक चेहऱ्यावर वर आलेलं असतं. उंचवटा! मौल्यवान रत्न मिळाल्याइतका आनंद झाला असं तो लिहितो. आता अभ्यासक म्हणतात तो शब्द मूळ पुस्तकात नाहीच, म्हाताऱ्याच्या आठवणीत गोंधळ झाला असेल. असू दे. ज्यानं एका शब्दावर दिवस घालवलाय त्याला हा किस्सा खरा आहे हे माहीत असतं.

१७७४ मध्ये पुस्तक आलं, "काइताइ शिन्शो". नर्व्हसाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हता, कारण ती कल्पनाच नव्हती, तर त्यांनी नवा बनवला, शिन्केइ. त्यातलं शिन चैतन्य या अर्थाचं आणि केइ म्हणजे शरीरातली वाट. दोन्ही तुकडे जुन्या चिनी वैद्यकातले, त्याच वैद्यकाची चित्रं खोटी ठरली म्हणून हे सगळं सुरू झालं होतं! आणि पुढे हाच शब्द जपानहून चीनला गेला, आज चिनी लोक नर्व्हला तेच म्हणतात, शन्जिंग. माएनोचं नाव मात्र पुस्तकावर अनुवादक म्हणून नाही. अनुवाद अजून पक्का झाला नाही, नाव घालू नका, असं त्याचं म्हणणं होतं म्हणतात. सगळ्यात जास्त डच त्यालाच येत होतं, त्यामुळे किती येत नाही हेही त्यालाच माहीत.

मग मला ते रुस्सेनोर्स्क आठवतं. नॉर्वेच्या उत्तर टोकाला रशियन व्यापारी यायचे, पीठ द्यायचे, मासे न्यायचे, १८ व्या शतकापासून ते रशियन क्रांतीच्या सुमारापर्यंत. दुभाषे वगैरे परवडणारे नव्हतेच, तर त्यांनी दोघांत मिळून एक मोडकीतोडकी भाषा केली, चारशेच्या आसपास शब्दांची. तिला म्हणायचे "मोया पो त्वोया", मोडकंच आहे ते, माझं तुझ्यात, म्हणजे मी तुझ्या भाषेत बोलतोय. आणि दोन्हीकडच्या पुष्कळांना मनापासून वाटायचं की आपण समोरच्याची भाषा बोलतोय! नॉर्वेचा कोळी समजतोय मी रशियन बोलतो, रशियन समजतोय मी नॉर्वेजियन बोलतो, आणि मासे तर बोटीत चढतायत.

आमच्याकडचं सांगायचं राहिलं. त्या तीन आठवड्यांच्या राड्यानंतर मी टीमला समजावून सांगितलं केंतो म्हणजे काय, तो श्वास म्हणजे काय. त्याचा परिणाम असा झाला की टीममध्ये आता सगळे केंतो वापरतात. सुट्टी मिळाली का? केंतो. टेस्ट केस लिहिल्यास का? केंतो आहे. मॅनेजरसुद्धा, ज्यानं मला धारेवर धरलं होतं, परवा माझ्या पगारवाढीच्या प्रश्नावर दातांतून हवा ओढून दाखवली. मूळ अर्थाची पार वाट लागलीय, व्याकरणाचं तर विचारूच नका.

आणि सोमवारी नवीन जॉइन झालेल्या मुलीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, हा केंतो तुमच्याकडचा शब्द आहे का? कुठल्या भागात बोलतात?"